रोजचा ताण: ओळखावा कसा, सांभाळावा कसा?

थोडक्यात

- ताण हा आजार नाही. ती शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. मात्र तो आठवडेच्या आठवडे उतरला नाही तर झोप, बीपी, साखर, पोट आणि नाती या सगळ्यांवर परिणाम होतो.
- आपल्याकडे ताण बहुधा शरीराच्या तक्रारींतून दिसतो. डोकेदुखी, गॅस, छातीत धडधड, पाठदुखी आणि झोप न लागणे या नेहमीच्या तक्रारी आहेत.
- 'हे टेन्शनमुळेच आहे' असे स्वतः ठरवू नका. आधी साध्या तपासण्या करून घ्या.
- खर्रा, दारू आणि मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी यांनी ताण उतरत नाही, वाढतो.
- त्रास दोन आठवड्यांहून जास्त टिकला, कामात अडथळा येऊ लागला किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर मदत घ्या. टेलि-मानस: १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीत).

## 'गॅस चढला, जीव घाबरून राहिला'

मी खापरखेड्यात जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे 'मला ताण आहे' असे म्हणत जवळजवळ कुणी येत नाही. लोक म्हणतात, 'डॉक्टरसाहेब, गॅस चढते', 'जीव घाबरून राहिला', 'डोकं गरम होते', 'झोपच नाही येऊन राहिली'. बायका सांगतात, 'अंगात ताकदच नाही, एखादी बाटली लावून द्या.' मुलांना घेऊन आईवडील येतात, 'परीक्षा जवळ आली की याचं पोट दुखते.'

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचे एक ठेकेदारी कामगार माझ्याकडे अ‍ॅसिडिटीसाठी येत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पाच-सहा महिन्यांत ते पाच वेळा आले. प्रत्येक वेळी मी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी लिहून दिली आणि तिखट कमी खा म्हणून सांगितले. सहाव्या वेळी त्यांची पत्नी सोबत आली. ती म्हणाली, 'गोळ्या तर घेतात, पण रात्री दोन वाजता उठून अंगणात चकरा मारतात.' मग कळले की कामाचे कंत्राट पुढे चालू राहील की नाही याची खात्री नव्हती, मुलीचे लग्न ठरले होते आणि खर्रा दिवसाला दोनवरून सातवर गेला होता. बीपी १६०/१०० निघाले. पाच भेटींत मी झोपेबद्दल एकदाही विचारले नव्हते, आणि त्यांनीही स्वतःहून सांगितले नव्हते. दवाखान्यात सांगण्यासारखे हे काही आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

हा लेख त्यासाठीच आहे. ताण शरीरात कसा दिसतो, घरी काय करता येते आणि कुठे थांबून मदत घ्यायला हवी, हे तुम्हाला कळावे.

## ताण म्हणजे नेमके काय?

'स्ट्रेस' हा शब्द आधी धातू आणि यंत्रांसाठी वापरला जायचा. हान्स सेल्ये या वैज्ञानिकाने तो शरीरासाठी रूढ केला. १९३६ मध्ये त्याने दाखवले की थंडी, इजा, विषारी द्रव्य अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. त्याआधी वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने धोका दिसताच शरीर 'लढा किंवा पळा' या तयारीत कसे जाते, हे मांडले होते.

ही तयारी दोन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा काही सेकंदांचा. समोरून ट्रक अंगावर आला की मेंदूतून संदेश निघतो आणि मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडते, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळते, पचन मंदावते, तळहाताला घाम येतो.

दुसरा टप्पा मिनिटांपासून तासांचा. याच ग्रंथींमधून कॉर्टिसॉल स्रवते. ते रक्तातली साखर वाढवून शरीराला इंधन पुरवते. एरवी कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते.

धोका टळला की सगळे पूर्ववत व्हायला हवे. ट्रक निघून गेल्यावर पाच-दहा मिनिटांत तुम्ही शांत होता. पण कर्जाचा हप्ता, साहेबांचा फोन आणि घरातले आजारपण निघून जात नाही. मग शरीर दिवसभर अर्धवट तयारीत राहते आणि रात्रीही पूर्ण शांत होत नाही. त्रास होतो तो या न उतरणाऱ्या ताणाचा.

आपल्या गावात औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे एक उदाहरण सगळ्यांना कळेल. बॉयलरमध्ये वाफेचा दाब नसेल तर टर्बाइन फिरणारच नाही. दाब हवाच. पण तो मर्यादेत आहे ना, हे मीटरवर सतत बघावे लागते. ताणाचेही तसेच आहे. परीक्षेच्या आधी थोडी धडधड असेल तर अभ्यास होतो. त्यामुळे ताण शून्यावर आणणे हे आपले ध्येय नाही. तो वाढल्याचे वेळेवर लक्षात येणे आणि तो रोज खाली येईल अशी सोय करणे, एवढे पुरेसे आहे.

## लक्षणे: मीटर कुठे बघायचे?

शरीरात
- मान, खांदे आणि कमरेत सतत ओढ, दुपारनंतर डोकेदुखी
- छातीत धडधड, श्वास अपुरा वाटणे, हातापायांना मुंग्या
- अ‍ॅसिडिटी, पोट फुगणे, वारंवार शौचाला लागणे किंवा बद्धकोष्ठता
- झोप उशिरा लागणे, किंवा रात्री दोन-तीन वाजता जाग येऊन पुन्हा न लागणे
- दात खाणे, सकाळी जबडा दुखणे
- मासिक पाळी अनियमित होणे, लैंगिक इच्छा कमी होणे

मनात
- तेच तेच विचार डोक्यात फिरत राहणे
- छोट्या गोष्टीवर चिडणे आणि नंतर वाईट वाटणे
- लक्ष न लागणे, विसराळूपणा
- सुट्टीच्या दिवशीही मन मोकळे न होणे

वागण्यात
- खर्रा, सिगारेट, चहा किंवा दारू वाढणे
- जेवण सुटणे किंवा येता-जाता खात राहणे
- लोकांना टाळणे, फोन न उचलणे
- रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत पडणे

यातली एक-दोन लक्षणे अधूनमधून सगळ्यांनाच असतात. चार-पाच लक्षणे एकत्र असतील आणि ती बहुतेक दिवस जाणवत असतील तर लक्ष द्या. वागण्यातला बदल अनेकदा घरच्यांना आधी दिसतो. 'तुम्ही आजकाल फार चिडता' असे घरातून दोनदा ऐकू आले तर वाद घालण्याआधी थोडा विचार करा.

## आपल्या भागात ताण कुठून येतो?

शिफ्ट ड्युटी. खापरखेड्याचे १३४० मेगावॉटचे केंद्र आणि परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी यांमुळे इथल्या असंख्य घरांचे घड्याळ शिफ्टवर चालते. नाईट ड्युटीत शरीर झोपेच्या वेळी जागे असते आणि जागे राहण्याच्या वेळी झोपते. शरीराचे आतले घड्याळ प्रकाशावर चालते, ते दर आठवड्याला बदलत नाही. म्हणून नाईटच्या आठवड्यात चिडचिड, अ‍ॅसिडिटी आणि सुस्ती वाढते. हा स्वभावदोष नाही.

जास्त तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळला. ओटीचे पैसे घराला लागतात हे मला माहीत आहे. पण सलग महिनोन्महिने ओटी करत असाल तर दर महिन्याला बीपी मोजायलाच हवे.

कामाची अनिश्चितता. कायम नोकरी आणि ठेकेदारी यांत काम सारखे असले तरी ताण सारखा नसतो. उद्या काम असेल की नाही हे माहीत नसण्याचा ताण जड कामाच्या ताणाहून जास्त थकवतो.

हप्ते. गाडीचा, घराचा, बचत गटाचा, मोबाइल अ‍ॅपवरच्या कर्जाचा. पैशाची चिंता लोक डॉक्टरलाही सांगत नाहीत, बायकोलाही नाही.

घरातल्या बाईचे काम. नवऱ्याची नाईट असली की दिवसा मुलांना गप्प ठेवायचे, वेगवेगळ्या वेळी डबे करायचे, सासऱ्यांच्या गोळ्या बघायच्या, आणि अनेक जणी यावर शिवणकाम किंवा नोकरीही करतात. त्यांची 'अशक्तपणा' ही तक्रार कधी रक्तक्षय असते, कधी थकवा आणि ताण, आणि बरेचदा दोन्ही.

उन्हाळा. नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. रात्रीही खोली तापलेली असते. झोप तुटते आणि चिडचिड वाढते. त्या दिवसांत घरात भांडणे वाढली तर थोडा दोष उकाड्याला द्या, आणि मोठे निर्णय सकाळच्या गारव्यात घ्या.

## ताणच आहे की दुसरे काही?

हा भाग काळजीपूर्वक वाचा. 'टेन्शन आहे' म्हणून सोडून दिलेले आजार मी पाहिले आहेत.

| तक्रार | ताणाशिवाय काय असू शकते | तपासणी |
|---|---|---|
| थकवा, धाप | रक्तक्षय | हिमोग्लोबिन |
| धडधड, वजन घटणे, हात थरथरणे | थायरॉइड जास्त | टीएसएच |
| सुस्ती, वजन वाढणे, उदासी | थायरॉइड कमी | टीएसएच |
| वारंवार लघवी, थकवा | मधुमेह | रक्तशर्करा |
| डोके जड | उच्च रक्तदाब, चष्म्याचा नंबर | बीपी, नेत्रतपासणी |
| रात्री मोठे घोरणे, दिवसा झोप | झोपेत श्वास अडखळणे | डॉक्टरांचा सल्ला |

छातीबद्दल विशेष. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप किंवा उलटी असे झाले आणि पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, तर 'गॅस आहे' म्हणून सोडा पिऊन झोपू नका. लगेच ईसीजी होईल अशा ठिकाणी जा किंवा १०८ ला फोन करा. मधुमेह असणाऱ्यांत आणि स्त्रियांत छातीत फार न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो. ईसीजी चांगला निघाला तर दिलासा मिळेल. तो करायचाच राहिला तर जिवावर बेतू शकते.

तपासण्या नॉर्मल आल्या की काही रुग्ण नाराज होतात, 'म्हणजे मी नाटक करतो का?' नाही. ताणामुळे होणारी धडधड आणि पोटदुखी खरीच असते. तिचे कारण वेगळे असते आणि उपायही वेगळा.

## जे उपाय ताण वाढवतात

खर्रा आणि तंबाखू. खर्रा तोंडात टाकला की बरे वाटते, हे खरे आहे. पण त्याचे कारण बघा. तंबाखूतल्या निकोटिनची शरीराला सवय लागते. दोन तास मिळाले नाही की बेचैनी सुरू होते. पुढचा खर्रा ती बेचैनी घालवतो आणि आपल्याला वाटते टेन्शन गेले. प्रत्यक्षात निकोटिनने नाडी आणि बीपी वाढते, आणि सुपारी-तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच. सोडायचे असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत समुपदेशन मिळते.

दारू. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते. सकाळी चिडचिड आणि धडधड वाढते. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केल्यास थरथर, भ्रम किंवा फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा.

झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलमसारखी गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तरी 'भावाच्या पाकिटातली एक घेतली' असे लोक सांगतात. काही आठवड्यांत तिची सवय लागू शकते, तोच परिणाम मिळायला डोस वाढवावा लागतो, आणि गाडी किंवा यंत्र चालवताना अपघाताचा धोका असतो. आधीपासून रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका.

राग काढणे. 'एकदा ओरडून घेतलं की मोकळं वाटते' असा समज आहे. आदळआपट केल्याने राग निचरत नाही, उलट त्याची सवय लागते. आणि तो राग बहुधा ज्यांचा दोष नाही त्यांच्यावर निघतो. तिथून उठून दहा मिनिटे चालून या, मग बोला.

## घरी काय करता येईल?

सगळे एकदम सुरू करू नका. यातले दोन निवडा आणि तीन आठवडे करा.

### १. आठ दिवसांची वही

मुलाची जुनी वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, काय घडले, शरीरात काय जाणवले, मग मी काय केले. दिवसात तीन नोंदी पुरे. उदाहरणार्थ: 'संध्याकाळी ७, फायनान्सवाल्याचा फोन, पोटात कळ, खर्रा खाल्ला.' आठ दिवसांनी वाचून बघा. त्रास दिवसभर नसून ठरावीक दोन-तीन प्रसंगांभोवती असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येते. मग उपाय नेमका करता येतो. डॉक्टरकडे जाताना ही वही सोबत न्या.

### २. सावकाश श्वास

खुर्चीत ताठ बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत घ्या, पोट फुगू द्या. ६ मोजेपर्यंत हळूहळू सोडा. एका मिनिटात साधारण सहा श्वास होतात. असे पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. श्वास सोडणे लांबवले की हृदयाची गती उतरवणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचे काम वाढते आणि धडधड कमी होते. योगासनांचा आणि श्वसनाचा असा प्रयोगशाळेतला अभ्यास आपल्याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून सुरू केला.

चक्कर आली तर थांबा. दमा किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरू नका. आणि हा सराव त्रास नसतानाही करा, म्हणजे गरजेच्या वेळी जमतो.

### ३. चालणे

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे रोज अर्धा तास आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चाला. 'ड्युटीत चालणं होतेच' असे अनेक जण म्हणतात. ते शरीराला उपयोगी आहेच, पण मनाला मोकळे करणारे चालणे वेगळे: फोन खिशात, सोबत कुणीतरी, आणि शक्यतो रहदारीच्या, धुळीच्या रस्त्यापासून दूर. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा.

### ४. झोप, विशेषतः नाईट ड्युटीवाल्यांची

प्रौढ माणसाला सात तास किंवा जास्त झोप लागते. नाईट असेल तर:

- ड्युटीला जाण्याआधी २० ते ३० मिनिटांची डुलकी घ्या.
- चहा शिफ्टच्या पहिल्या भागात प्या. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारचा चहा सकाळी नऊची झोप उडवतो.
- सकाळी घरी येताना काळा चष्मा लावा. उजेड कमी डोळ्यात गेला तर झोप लवकर लागते.
- खोलीत जाड पडदा लावा. कूलरचा एकसारखा आवाज बाहेरचा गोंगाट दाबतो, तो चालू द्या.
- फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दाराची बेल आणि फोन घरच्यांनी बघावा असे ठरवून घ्या.
- डोळे मिटत असतील तर मोटरसायकल चालवू नका. कोळशाच्या ट्रकच्या रस्त्यावर एक डुलकी महागात पडते. सहकाऱ्याच्या मागे बसा किंवा पंधरा मिनिटे थांबून निघा.

### ५. प्रश्न कागदावर उतरवा

कागदाच्या मध्ये रेघ मारा. डावीकडे 'माझ्या हातात', उजवीकडे 'माझ्या हातात नाही'.

पैशाचे उदाहरण घेऊ. कंत्राट चालू राहील की नाही हे उजवीकडे. पण सगळ्या कर्जांची यादी, प्रत्येकाची रक्कम, व्याज आणि तारीख हे डावीकडे. सर्वांत महाग कर्ज कोणते ते बघा. हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, चुकल्यानंतर बोलणे अवघड होते. जुना हप्ता भरायला नवे कर्ज घेऊ नका. आणि यादी घरात दाखवा. लपवलेल्या कर्जाचा ताण कर्जाहून मोठा असतो.

### ६. स्वतःशी बोलण्याची भाषा तपासा

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा असा: घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये आपला विचार असतो, आणि तो तपासता येतो. मराठी वाचकांपर्यंत हे विचार कि. मो. फडके यांनी पोहोचवले.

'काम गेलं तर मी संपलो' हा विचार आहे, वस्तुस्थिती नाही. 'काम गेलं तर तीन-चार महिने ओढाताण होईल, खर्च कापावा लागेल, दुसरं काम शोधावं लागेल' हेही कठीणच आहे, पण त्यात पुढची पायरी दिसते. 'सगळं छान होईल' अशी खोटी समजूत इथे घालायची नाही. अडचण आहे तेवढीच बघायची.

### ७. एका माणसाशी बोला

मित्र, बहीण, शेजारी, युनियनमधला जुना सहकारी, कुणीही चालेल. सल्ला नको, फक्त ऐकून घ्या असे आधीच सांगितले तरी चालते.

## घरच्यांसाठी

तुमच्या घरात कुणी ताणात असेल तर 'एवढं काय टेन्शन घेतोस', 'लोकांना बघ, किती त्रास आहे' ही वाक्ये टाळा. 'तुला अलीकडे झोप लागत नाही असं दिसतंय, काय चाललंय?' असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. दहावी-बारावीच्या मुलांशी दिवसातून एकदा तरी मार्कांखेरीज दुसऱ्या विषयावर बोला. घरातल्या बाईला आठवड्यातून काही तास पूर्ण मोकळे मिळतील अशी कामाची वाटणी करा.

## मदत कधी घ्यावी?

पुढीलपैकी काहीही असेल तर आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा:

- दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, रडू येणे किंवा कशातच रस न वाटणे
- झोप किंवा भूक सतत बिघडलेली
- कामावर किंवा शाळेत जाणे टाळावेसे वाटणे
- अचानक प्रचंड भीतीचे झटके
- व्यसन वाढत जाणे
- बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येणे

अशा वेळी हा साधा ताण न राहता नैराश्य किंवा चिंतेचा आजार असू शकतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. म्हणजे साधारण दहा जणांत एक. यावर समुपदेशन आणि औषधे दोन्ही उपलब्ध आहेत आणि त्यांनी बरे वाटते.

कुठे जावे? टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ वर फोन करून मराठीत बोलता येते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि एम्समध्ये मनोविकार विभाग आहे. मानकापूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय तर आपल्या नागपूरच्या रस्त्यावरच आहे. त्याला अजूनही काही जण 'पागलखाना' म्हणतात, आणि त्या शब्दापोटी कित्येक जण झोपेच्या किंवा चिंतेच्या साध्या त्रासासाठीही तिथली पायरी चढत नाहीत. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. दाखवून, औषध घेऊन माणूस घरी परततो.

जगणे नकोसे वाटत असेल तर. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन करा. जवळच्या कुणाबद्दल शंका असेल तर थेट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरातले कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा किंवा हलवा. काही घेतले असेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करून लगेच रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार, देखभाल व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ताणामुळे बीपी कायमचे वाढते का?
ताणाच्या क्षणी बीपी तात्पुरते वाढते. सतत ताण, कमी झोप, तंबाखू आणि वाढलेले वजन एकत्र आले की उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता वाढते. औषध सुरू असेल तर 'आता टेन्शन नाही' म्हणून स्वतः बंद करू नका.

ताणासाठी सलाइन किंवा ताकदीचे इंजेक्शन घ्यावे का?
नाही. त्यात मुख्यतः मीठ-पाणी, साखर किंवा जीवनसत्त्वे असतात. रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता तपासणीत निघाली तरच त्यावर उपचार करावेत.

मनोविकारतज्ज्ञाच्या गोळ्यांची सवय लागते का?
नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती हळूहळू कमी करत बंद करावी लागतात. सवय लागण्याचा धोका प्रामुख्याने झोपेच्या आणि गुंगीच्या काही गोळ्यांचा असतो, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच दिल्या जातात.

पूजा, भजन, कीर्तन यांचा उपयोग होतो का?
ज्यांना त्यात शांत वाटते त्यांना जरूर होतो. नियमित वेळ, संथ श्वास आणि चार माणसांची सोबत हे तिन्ही त्यात मिळते. पण आजार असेल तर त्याबरोबर औषधोपचारही हवेत.

## शेवटी

सुरुवातीला सांगितलेल्या रुग्णाचे बीपी औषधाने आटोक्यात आले. कर्जाची यादी त्यांनी पत्नीसोबत बसून केली आणि लग्नाचा खर्च कमी करायचे दोघांनी ठरवले. काही महिने समुपदेशनही घेतले. खर्रा पूर्ण सुटलेला नाही, सातवरून दोनवर आला आहे. अ‍ॅसिडिटीची गोळी आता त्यांना क्वचितच लागते.

तुम्ही पुढच्या वेळी पोटदुखी, डोकेदुखी किंवा बीपीसाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा झोप कशी आहे, व्यसन किती वाढले आहे आणि घरात काय चालले आहे हेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारींसाठी प्रत्यक्ष तपासणी करूनच उपचार घ्या.*